नाव घेऊन येणाऱ्यांसाठी

मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमि अभिलेख,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,

विषय : जुन्या अभिलेखांतला शोध, गाळणी आणि क्रम

महोदय,

मी खर्डीत लोकांचे अर्ज लिहून देतो. खर्डी म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातली, कसारा लोकलवरची. पंढरपूर तालुक्यातही एक खर्डी आहे, आणि संगणकाशी गाठ असली की हा फरक आधीच सांगून ठेवलेला बरा.

आपल्या खात्यानं जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून लोकांसमोर ठेवले. ठाणे जिल्हा त्यात सुरुवातीच्याच तुकडीत होता. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यासाठी शहापूरची खेप घालावी लागत नाही, तलाठी भाऊसाहेब कुठल्या सजात आहेत हे विचारत फिरावं लागत नाही. याबद्दल आभार मानायला मला मुळीच संकोच वाटत नाही. पण हे पत्र आभाराचं नाही. कागद आता दिसतात खरे, पण ज्याला हवेत त्याला सापडत नाहीत, आणि पुढच्या कामाची निविदा काढताना या गोष्टीचा विचार व्हावा म्हणून लिहितो आहे.

माझ्याकडे येणारा माणूस काय घेऊन येतो ते सांगतो. ठाकूर किंवा महादेव कोळी समाजातल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला असतो आणि जात पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. कुणबी कुटुंबाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद हवी असते. कुणाला आजोबांची वारस नोंद करायची असते. २०२५ मधल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायचं ठरलं, तेव्हा अशांची रांग वाढली. कुणाला कळलेलं असतं की बापाची जमीन कधीतरी सावकाराच्या नावावर गेली, पण कधी ते माहीत नसतं. या सगळ्यांपाशी असतं ते एक नाव. फार तर आजोबाचं आणि पणजोबाचं, वाडीचं, आणि ‘टेकडीखालची खाचरं’ असं जमिनीचं वर्णन. सर्व्हे नंबर त्यांच्यापाशी नसतो. तो असता तर निम्मे लोक माझ्याकडे आलेच नसते.

जुन्या अभिलेखांचं पोर्टल मात्र जिल्हा विचारतं, तालुका विचारतं, गाव विचारतं, दस्तऐवजाचा प्रकार विचारतं आणि मग सर्व्हे किंवा गट क्रमांक मागतं. ही वाट ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर जमीन होती, आणि जमीन महसुलाच्या खात्यात ते स्वाभाविकही आहे. पण आज त्या कागदांकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण जमिनीसाठी येतच नाहीत, ते माणसासाठी येतात. शेतसाऱ्यासाठी लिहिलेली वही आता वंशावळीचा पुरावा झाली आहे. तिच्या कामात बदल झाला, पण तिच्यात शिरायचं दार अजून जुन्याच कामासाठी आहे.

पूर्वी ही अडचण नव्हती असं नाही, पण तिच्यावर इलाज होता, आणि तो इलाज म्हणजे अभिलेख कक्षातला कारकून. अँडरसन साहेबाच्या मॅन्युअलनं गावनमुन्यांना क्रमांक आणि शिस्त दिली. सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीनं कोणता कागद हाताशी ठेवायचा, कोणता कक्षात पाठवायचा आणि कोणता नष्ट करायचा हे ठरवून दिलं. त्या शिस्तीत मुरलेल्या अभिलेखपालाला नुसतं ‘दळखणचा गोमा’ म्हटलं की तो विचारायचा, ‘वरच्या वाडीतला का? त्यांच्या नोंदी वारसात नाहीत, कुळाच्या वहीत बघा.’ स्कॅनरनं कागद उचलले, पण हे त्या माणसाच्या डोक्यात होतं आणि ते त्याच्या निवृत्तीबरोबर गेलं.

आता नावांकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

समजा, आज आधार कार्डावर एका मुलाचं आडनाव पारधी आहे. त्याच्या पणजोबाची नोंद जुन्या वहीत ‘गोम्या वलद चांग्या ठाकूर’ अशी असते. यात आडनाव कुठेच नाही. आडनावाच्या जागी कारकुनानं जात लिहिली आहे, आणि गंमत अशी की पडताळणी समितीला नेमकी तीच हवी असते. ‘वलद’, म्हणजे अमक्याचा मुलगा, कधी पूर्ण लिहिलेलं असतं, कधी नुसतं ‘व.’, कधी ‘बिन’. बाईचं नाव असलं तर ‘कोम’ किंवा ‘भ्र.’. पुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर), ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) असे शेरे. आणि ते ‘गोम्या’, ‘काळ्या’, ‘पांड्या’! सावकाराच्या नावापुढे ‘शेट’ लागायचं, ब्राह्मणाच्या नावाला ‘पंत’ किंवा ‘राव’, आणि ठाकराच्या, कातकऱ्याच्या नावाला ‘या’. घरात त्याला गोमा म्हणत, मतदार यादीत तो गोमा झाला, नातवाच्या शाळेच्या दाखल्यावरही गोमा. संगणकाला गोमा आणि गोम्या ही दोन वेगळी माणसं वाटतात. त्या काळच्या लेखणीत जो तुच्छपणा होता, त्याचा फटका आज पणतूला बसतो.

आवाजावरून नावं जुळवायची युक्ती नवी नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये अशा पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पुढे तिथल्या जनगणनेची कार्डं त्या तत्त्वावर लावली गेली. एकच आडनाव दहा प्रकारे लिहिणारे गणक तिथेही होते. पण ती पद्धत इंग्रजी आवाजांसाठी होती. मराठीसाठी आपल्याला वेगळी यादी हवी, आणि ती पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत तयार होणार नाही. ह्रस्व-दीर्घाचा आणि अनुस्वाराचा फरक दुर्लक्षून शोध घेतला पाहिजे. ‘पांडू’ आणि ‘पान्डू’ एकच. ‘ठाकुर’ आणि ‘ठाकूर’ एकच. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स यांची आमच्या बोलीत आणि म्हणून कारकुनाच्या कानात अदलाबदल झालेली असते. जोडीला टोपणनावांचा तक्ता लागेल: गोमा–गोम्या, काळू–काळ्या, वाळकू–वाळक्या. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा इथले दहा निवृत्त तलाठी एका टेबलाशी बसवले तर हा तक्ता आठवड्यात होईल. चहा मी पाजीन.

मात्र एक गोष्ट हात जोडून सांगतो. शोध सोपा व्हावा म्हणून मूळ नोंद ‘दुरुस्त’ करू नये. वहीत ‘गोम्या’ आहे तर नोंदीत ‘गोम्या’च राहू द्यावं, आणि ‘गोमा’ हे वाचन शेजारच्या रकान्यात ठेवावं. कागद बदलला की पुरावा गेला.

मोडीचं आणखी वेगळं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, कुळ नोंदवह्या बाहेर निघाल्या आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. त्यातून सापडलेल्या नोंदी अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. ते काम मोठं होतं. पण ज्या नोंदीत ‘कुणबी’ शब्द आहे तेवढीच पानं बाजूला काढली गेली. शेजारच्या पानावर ठाकूर होता, कातकरी होता, त्याचं पान पुन्हा बंद झालं. मोडी वाचायला माणूस बसवलाच होता तर पूर्ण वही वाचून घ्यायला हवी होती. एका प्रश्नासाठी केलेली निवड दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडत नाही, हे आपल्या पुण्यातच दिसतं. पेशवे दफ्तरातल्या हजारो रुमालांत बांधलेल्या कागदांतून रियासतकार सरदेसाईंनी ४५ खंडांची निवड छापली. अभ्यासकांवर त्यांचे उपकार आहेतच, पण त्यांना जे महत्त्वाचं वाटलं ते खंडांत आलं आणि उरलेलं रुमालात राहिलं.

नावानंतर तारीख. पोर्टल बनवणारे सहसा वर्षाचा ड्रॉपडाउन देतात आणि काम झालं समजतात. आमच्या भागातला माणूस वर्ष शोधत नाही, तो कायद्याची खिडकी शोधतो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर तिला १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा लागू होतो. त्यानंतरच्या व्यवहाराला महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं. ३० ऑगस्ट १९७५ ही खाजगी वनांची तारीख, तिच्यामुळे ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी सातबाऱ्यांच्या इतर हक्कांत वनाचा शेरा बसला. १३ डिसेंबर २००५ ही वनहक्काची. म्हणजे मला असं विचारता यायला हवं: या गावातले, या दोन तारखांमधले, खरेदीचे, गहाणाचे किंवा अदलाबदलीचे सगळे फेरफार दाखवा, ज्यात देणाऱ्याच्या नावापुढे ठाकूर, कातकरी, वारली किंवा कोळी आहे. हा एक प्रश्न आज विचारायचा तर गावाची फेरफार वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळावी लागते.

शिवाय तारीख म्हणजे कोणती? फेरफाराला तीन तारखा असतात. व्यवहार झाला ती, तलाठ्यानं नोंद घेतली ती आणि अधिकाऱ्यानं ती प्रमाणित केली ती. खरेदी जूनमध्ये झाली आणि प्रमाणित झाली डिसेंबरात, आणि मध्ये ६ जुलै येऊन गेला, तर गाळणी कोणत्या तारखेवर चालली यावर एका कुटुंबाची जमीन अवलंबून असते. तीनही तारखा वेगळ्या रकान्यांत घ्याव्यात. जी वाचता येत नाही ती रिकामी सोडावी, अंदाजानं भरू नये.

क्रमाचं थोडक्यात सांगतो. गावाचे फेरफार क्रमांक चढत्या काळानं लागलेले असतात, म्हणून क्रमांकानं लावले की जमिनीची गोष्ट आपोआप उलगडते. पण संगणकाला ते आकडे अक्षरं म्हणून दिले तर तो १, १०, १००, १०१, ११ आणि मग २ असं लावतो आणि गोष्टीचे तुकडे होतात. हिस्सा क्रमांकात तर ४५/१/अ, ४५/१अ, ४५-१-अ अशी प्रत्येक तलाठ्याची वेगळी तऱ्हा. देवनागरी आकडा आणि इंग्रजी आकडा संगणकाला वेगळे. आणि नावांच्या यादीत ळ हा ह च्या पुढे, क्ष आणि ज्ञ शेवटी, हा आपल्या शब्दकोशांचा क्रम. संगणकाला सोडून दिलं तर तो ळ ला ल च्या शेजारी बसवतो आणि क्ष ला क मध्ये घालतो. मग क्षीरसागरांचा मुलगा यादीच्या शेवटी बघून ‘नाव नाही’ म्हणत परत जातो. हे दुरुस्त करणं कठीण नाही. मराठीचा वर्णक्रम संगणकाच्या जगात ठरलेला आहे, तो वापरा असं निविदेत लिहावं लागतं इतकंच.

गावांचंही तसंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर मोखाड्याचं, वाड्याचं नाव ठाणे जिल्ह्यात आहे. आणखी मागे गेलं तर शहापूरलाच कोळवण म्हणत आणि मोखाडा त्याचा पेटा होता. एकत्रीकरण योजना झाली तिथे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजचं गाव निवडल्यावर जुन्या नावाचे, जुन्या तालुक्याचे आणि जुन्या नंबराचे कागदही पुढे यायला हवेत. हे जुळवणारे तक्ते आपल्याच खात्यात आहेत. ते शोधाला जोडलेले नाहीत.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ती गोष्ट. शोध घेतल्यावर पडद्यावर येतं, ‘नोंद आढळली नाही’. हे वाक्य फार धोक्याचं आहे. त्याचे निदान चार अर्थ होतात. सगळ्या वह्या पाहिल्या आणि खरंच नोंद नाही, हा एक. त्या वर्षांची वही स्कॅनच झालेली नाही, हा दुसरा. वही आहे, पण पान फाटलंय किंवा मोडीत आहे आणि कुणी वाचलेलं नाही, हा तिसरा. आणि कागद दुसऱ्याच कार्यालयात आहे, तहसीलऐवजी भूमि अभिलेखात किंवा शहापूरऐवजी पालघरकडे, हा चौथा. पहिला अर्थ असेल तर माणसानं दुसरा पुरावा शोधायला लागावं. उरलेले तीन असतील तर त्यानं लढावं. आज त्याला चारही एकाच ओळीत मिळतात, आणि ती ओळ घेऊन तो घरी जातो. नर्सिंगचा प्रवेश तेवढ्यात हुकतो.

म्हणून माझी मागणी अशी. निकाल रिकामा आला तर संगणकानं सांगावं की त्यानं काय पाहिलं. अमुक गावाची फेरफार वही, क्रमांक अमुक ते अमुक. मधले अमुक ते अमुक उपलब्ध नाहीत. इतकी पानं अवाचनीय. इतकी मोडीत, वाचन बाकी. याची सहीशिक्क्याची प्रत निघावी आणि ती पडताळणी समितीपुढे किंवा प्रांतसाहेबांपुढे ठेवता यावी. नसलेल्या कागदाचा दोष ज्याचा कागद हरवला त्याच्या माथी येऊ नये. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा कलम ४ च्या पहिल्याच उपकलमात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले अभिलेख सूचिबद्ध करावेत आणि त्यांची निर्देशसूची ठेवावी असं सांगतो. नुसती चित्रं चढवली म्हणजे निर्देशसूची होत नाही. कोणत्या वह्या आहेत आणि कोणत्या नाहीत याची गाववार यादी ही निर्देशसूचीची पहिली पायरी आहे. शोधाचं सॉफ्टवेअर व्हायला वेळ लागणार असेल तर निदान ती यादी आधी जाहीर करावी. त्याला ना ओसीआर लागतो, ना नवा सर्व्हर.

इथे माझ्याच मागणीविरुद्धही थोडं बोललं पाहिजे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. मुंबईचा माणूस इथे फार्महाऊसची जागा बघायला येतो आणि त्याच्या आधी एजंट येतो. नावावरून, जातीवरून, तारखेवरून चाळता येणारं साधन उद्या सर्वांना खुलं केलं तर पहिल्या दिवशी ते ठाकूरवाडीतला पणतू वापरणार नाही, एजंट वापरेल. मयत खातेदार, वारस नोंद नाही, रस्त्यालगत, अशी गाळणी लावून तो तासाभरात यादी काढेल आणि वारसांच्या आधी त्यांच्या दारात उभा राहील.

सातबारा गुप्त कागद नाही, तो नसावाही. आजही गाव निवडून नावानं सातबारा पाहता येतो. पण एक नोंद पाहता येणं वेगळं आणि हजार नोंदी गाळून यादी करता येणं वेगळं. मला सुचतं ते असं. १९७४ पर्यंतच्या जुन्या नोंदींत नावानं आणि तारखेनं मोकळा शोध द्यावा, कारण पुराव्याचं बहुतेक काम तिथेच आहे. त्यापुढच्या नोंदींत एकापेक्षा जास्त गाळण्या लावायच्या असतील तर ओळख पटवून लॉगिन करावं लागावं, आणि कोणाच्या खात्याचा शोध कोणी, कधी घेतला हे त्या खातेदाराला दिसावं. यादी उतरवून घेण्याचं बटण देऊ नये. एजंट तरीही वाट काढतीलच, त्यांना मी ओळखून आहे. पण त्यांचं काम आयतं करून द्यायचं कारण नाही.

हे सगळं करायला खर्च येईल, आणि तो प्रामुख्याने माणसांचा असेल. हस्ताक्षरातली मराठी आणि मोडी यंत्र बऱ्यापैकी वाचू लागलं असलं तरी पुराव्याच्या कामाला बऱ्यापैकी पुरत नाही. प्रत्येक फेरफारातून नऊ गोष्टी उतरवाव्या लागतील: गाव, क्रमांक, तीन तारखा, व्यवहाराचा प्रकार, देणारा, घेणारा, आणि परिणाम झालेले सगळे सर्व्हे नंबर, सगळे म्हणतो, कारण एका वारस फेरफारात वीस-वीस नंबर असतात आणि उतरवणारा पहिला लिहून पुढे जातो. दोघांनी स्वतंत्रपणे उतरवावं आणि जुळलं नाही तिथे तिसऱ्यानं मूळ पान पाहावं. हे काम दूरच्या शहरातल्या कंत्राटदाराच्या डेटा एंट्रीवाल्यांना देऊ नका. त्यांना ‘चांगो’ हे नाव आहे हेच कळणार नाही, ते ‘चांगले’ करून ठेवतील. शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांत मुलं आहेत, त्यांना वाड्या माहीत आहेत, नावं माहीत आहेत. पानामागे पैसे द्या, मोडीचा वर्ग घ्या, त्यांच्याकडून करून घ्या.

आणि निविदेत ‘शोध सुविधा असावी’ या एका वाक्यावर काम भागवू नका. त्या वाक्यानं एक रिकामी चौकट आणि तिच्याशेजारी भिंगाचं चित्र मिळतं, कंत्राटदाराचं बिल निघतं. त्याऐवजी खरे प्रश्न निविदेला जोडा आणि त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय काम स्वीकारू नका. ‘गोमा शोधला तर गोम्या आला पाहिजे.’ ‘१९५७ ते १९७४ मधले गहाणाचे फेरफार काळाच्या क्रमानं आले पाहिजेत.’ ‘मोखाड्याचा १९४० चा कागद पालघर निवडल्यावर दिसला पाहिजे.’ ‘न सापडलेल्या वहीचं नाव निकालात आलं पाहिजे.’ असे तीस-चाळीस प्रश्न माझ्या अर्जांच्या वहीतून, नावं झाकून, मी लिहून देऊ शकतो. मुरबाडला आणि जव्हारला बसणारे माझ्यासारखे आणखी देतील.

निविदेचा मसुदा निघाला की तो हरकती-सूचनांसाठी मराठीत जाहीर व्हावा, आणि तहसील कार्यालयांबरोबर ग्रामपंचायतींच्या फलकावरही लागावा. हरकतींना पंधरा दिवसांऐवजी महिनाभर मुदत असावी. तो महिना जुलैचा नसावा. तेव्हा आमच्याकडे सगळे लावणीला असतात.

आपला,
खर्डी (ता. शहापूर, जि. ठाणे) येथील एक अर्जलेखक